खिडकीतला भात आणि टेकडीवरच्या चोची

१८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार
कपाळाला राख लावून आले. उपासाच्या चाळीस दिवसांत काय सोडायचं ते ठरलं. फिंच पक्ष्यांना भात घालणं बंद. ईस्टरपर्यंत एक शीतही नाही. साखर सोडण्यापेक्षा हे सोपं.
माडीवर राहणाऱ्या यादिराला तसं वचनच दिलंय. पोरगी राजधानीतून, कीटोहून आमच्या या बेटावर आलेली. दोन वर्षं आमच्या मागच्या टेकडीवर दुर्बीण घेऊन बसते, थीसिससाठी. वचन मी पाळतेच आहे. जवळजवळ.

१९ फेब्रुवारी
भात जास्त झाला. अन्न टाकणं पाप. खिडकीत वाळत ठेवला. पक्षी आले, तो त्यांचा प्रश्न.

२४ फेब्रुवारी
जेवताना यादिराने पुन्हा समजावलं. टेकडीवर एका जातीच्या दोन जाती होऊ घातल्या आहेत. मोठ्या चोचीचे काटेरी, टणक बी फोडतात. लहान चोचीचे बारीक बी टिपतात. मधल्या चोचीला दोन्ही धड जमत नाही, दुष्काळात ती मरते. शिवाय जो तो आपल्यासारख्या चोचीशीच लग्न लावतो.
"रोटी वेगळी, म्हणून बेटी वेगळी," ती म्हणाली. "हे हजारो वर्षं चाललं की झाल्या दोन जाती. पण भात काय, कुठलीही चोच खाते, मावशी. मग मधली भिंतच पडते."
मी मान डोलावली. गेल्या कोरड्या वर्षी माझ्या खिडकीत येणारे मधल्या चोचीचे तिघे किती गुटगुटीत झाले होते, ते सांगितलं नाही. विषय निघाला नाही.

२ मार्च, सकाळी अकरा
खिडकी बंद ठेवली. पूर्ण वीस मिनिटं. बाहेरून काचेवर टकटक.
कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर असुन्सिओन ताटांत उरलेलं कबुतरांना घालायच्या आणि आम्ही मुली झग्याच्या ओच्यात चुरा घेऊन मागे उभ्या. कबुतरं अगदी पायांत यायची. त्या सिस्टर नक्की स्वर्गात असतील.
खिडकी उघडली.

९ मार्च
रोज अकरा ते बारा टेकडी ओस का पडते, हे यादिराला कळेना. मी घुबडाचं नाव घेतलं. घुबड काय घड्याळ लावून येतं का, असं विचारून हसली. मीही हसले.

१३ मार्च
पक्ष्यांना कुणीतरी खायला घालतंय, असं तिच्या लक्षात आलं. तिचा संशय सेगुंदोवर. आमच्या कोपऱ्यावरचा बेकरीवाला. त्याच्या दारात जाऊन, चारचौघांत सुनावलं. मी पिशवी धरून शेजारीच होते. सांगणार होते, पण दोघं बोलत असताना मध्ये तोंड घालणं बरं दिसत नाही.
संध्याकाळी तो माझ्याकडे आला. "माझ्या पावाच्या चुऱ्याने चोची बदलतात म्हणे. तीस वर्षं खाऊन गिऱ्हाइकांचे दात नाही बदलले."
तरी बिचाऱ्याने दाराला जाळी बसवली.

१५ मार्च
सेगुंदोच्या दारातले पक्षी आता माझ्याकडे येतात. भात वाढवावा लागला. उपाशी कसं ठेवणार? चूक त्यांची नाही.

२२ मार्च
पापकबुली दिली. "शेजारधर्मात थोडी हयगय झाली," असं फादरना सांगितलं. तीन प्रार्थना सांगितल्या, मी सहा म्हटल्या. पक्ष्यांचा उल्लेख राहून गेला. हलकं वाटलं नाही.

२ एप्रिल, पवित्र गुरुवार
दोघींनी मिळून सणाचं फानेस्का सूप केलं. बारा धान्यं, खारवलेला मासा. शेंगा सोलताना यादिरा रडली. घरटी मोजून झाली: एकोणिसांपैकी आठांत नर एका चोचीचा, मादी दुसऱ्या चोचीची. दोन वर्षं पाण्यात गेली म्हणाली. बेटाच्या पलीकडच्या किनाऱ्यावर पहिल्यापासून सुरू करणार, जिथे कुणाचं स्वयंपाकघर नाही.
आता सांगायचंच, म्हणून तोंड उघडलं. "आणखी घेतेस थोडं?" एवढंच बाहेर पडलं.

६ एप्रिल
यादिराला धक्क्यावर पोचवून आले. सेगुंदो तिच्यासाठी गरम पाव घेऊन आला होता. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. मला मात्र मिठी मारली.
"या गावात तुम्ही एकट्याच माझ्या बाजूच्या होतात, मावशी."
होडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवला. येताना सेगुंदोने तो पाव मला दिला. घेतला.
घरी येऊन पत्र लिहायला बसले. काही लपवणार नाही. सेगुंदोवरचा आळही काढणार. 'प्रिय यादिरा' इथवर झालंय.
अकरा वाजले. खिडकीत गर्दी झाली आहे, कलकलाटात काही सुचत नाही. आधी यांना वाढून घेते.