दसऱ्याला धुतलेली गाडी

केदारखेडा, गुरुवार, संध्याकाळ

गाडी अजून अंगणातच हाय. दसऱ्याला माझ्या लेकानं, दत्तानं, पोळ्याला बैल धुवावा तशी ती धुतली. बोनेट उघडून इंजनावर पण पाण्याचा पाइप सोडला. मंग हार घातला, नारळ फोडला. चावी फिरवली तर गाडी मुकी.

मेकॅनिक म्हणला, आतला कॉम्प्युटर जळाला. जपानी कंपनीनं हे मॉडेल बंद केलंय, पार्ट मिळायचा न्हाई. दत्ता तरी कंपनीचंच गुणगान करून राह्यला. "आई, महायुद्धात राख झालेली कंपनी, पुन्हा उभी राह्यली!" म्या म्हणलं, "आपली बी अंगणात उभीच हाय की."

शेजारच्या बाबुरावची गाडी त्याच कंपनीची, आमच्याहून जुनी. रोज जालन्याला जाऊन येती. त्यानं कधी इंजनावर पाइप सोडला न्हाई, पूजा बी केली न्हाई. आता दोष कुणाला द्यावा? कंपनीला? देवाला?

खरा घोर म्हाताऱ्याचा, दत्ताच्या बापाचा. मालकाच्या किडन्या गेल्या, रक्त धुवायला आठवड्यातून दोनदा जालन्याला न्यावं लागतं. सोमवारी एसटीनं नेलं, तर येताना गर्दीत चक्कर येऊन पडलं. आज पुन्हा जायचं होतं. म्या पिशवी भरली, तर म्हणतं कसं, "राहू दे. आता कधीच न्हाई जायचं."

दत्ता पाया पडला. म्या चिडले, "मरायचंय का?"

म्हातारं म्हणलं, "चहा टाक."

अंगात पाणी साचतं म्हणून डॉक्टरनं अर्ध्या कपाच्या वर चहा बंद केल्ता. म्या कप काठोकाठ भरून दिला.