थरथरणारं मशीन घ्यावं का?

ता. ११, सकाळ

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे ठीक, तुम्हीही असाल. पाहुण्यांचा, म्हणजे तुझ्या नवरोबांचा, खोकला गेला का? फोन सोडून दादा पत्र काय लिहितोय म्हणून हसू नकोस. फोन लावला की तुझी वहिनी "स्पीकर लावा ना" म्हणत शेजारी येऊन बसते आणि माझं बोलणं राहतं बाजूला.

काम असं आहे. तू इतकी वर्षं गाड्यांच्या रंगाच्या वर्कशॉपात आहेस, तर सांग, घरच्या घरी गाडीला वॅक्स करायचं तर कोणतं पॉलिशर घ्यावं? गाडी लेकीला द्यायची ठरवलीय. तिची नोकरी लांब, बसने जाऊन-येऊन पोरीचा जीव जातो. मला काय, माझं सलून चार पावलांवर. वहिनी म्हणाली, "अहो, आजवर कोणाला गाडीला बोट लावू दिलं नाहीत, आणि आता एकदम दानशूर?" म्हटलं, मला चालायला हवं, पोट बघ केवढं सुटलंय. तिने पोटाकडे बघून लगेच मान डोलावली. एकदा तरी नाही म्हणायचं!

पण द्यायची तर चकचकीत करून द्यायची. काळा रंग, ऊन पडलं की गोल गोल ओरखडे सगळे उठून दिसतात. आधी हातानेच करून पाहिलं. फोमच्या चकतीने वॅक्स लावलं, पण कुठे जाड, कुठे पातळ. वाळल्यावर बॉनेटवर नुसते पांढरे पट्टे. ते पुसता पुसता नाकी नऊ आले. म्हणून मशीन बघायला गेलो.

दुकानदार भला माणूस, पण बोलून बोलून डोकं खातो. त्याने दोन मशीनं काढली. एक नुसतं गरगर फिरणारं. ताकद भारी, पण एका जागी जरा रेंगाळलं तर रंग जाळतं म्हणे, कडांना तर फार जपायचं. चालवून बघायला त्याने एका जुन्या गाडीचा दरवाजा ठेवलाय. मी मशीन हातात घेतलं तर बेटं असं उसळलं की तो ओरडलाच, "काका, दोन्ही हातांनी धरा!" मी दोन्ही हातांनीच धरलं होतं.

दुसरं फिरतंही आणि थरथरतंही. त्याने रंग सहसा जळत नाही, नवशिक्यांना तेच बरं. ते धरलं आणि ठमे, काय सांगू, मला इतकं बरं वाटलं! मशीन थरथरतंय, मनगट थरथरतंय, पार कोपरापर्यंत थरथरतंय. कोणाच्याही हातात ते तसंच थरथरणार ना! मी अख्खा दरवाजा घासून काढला, आणि उगाच पुन्हा घासला. मग दुकानदाराने बटण बंद केलं. मशीन थांबलं. माझा हात थांबला नाही.

त्याने पाहिलं. मशीन माझ्या हातातून अलगद काढून घेतलं आणि पाणी आणायला आत गेला.

आता एवढं लिहिलंच आहे तर सगळंच लिहितो. उजवा हात आहे. मांडीवर स्वस्थ ठेवला की जास्तच हलतो. माझं अक्षर असं मुंगीएवढं का झालंय, तेही तुला कळलं असेल. मागच्या महिन्यात मास्तरांची दाढी करताना वस्तरा कानाखाली लागला. रक्त आलं. मास्तर म्हणाले, "असू दे रे, मीच हललो." ते हलले नव्हते गं. तेव्हापासून दाढ्या सगळ्या कारागिराकडे देतो आणि पाठ दुखते म्हणून सांगतो. गाडीही त्यासाठीच देतोय. वहिनीला ताकास तूर लागू दिलेली नाही. चहा ठेवून ती आत गेली की मग मी कप उचलतो.

मला भीती वाटते, ठमे. फार भीती वाटते. आपल्या अण्णांचंही असंच सुरू झालं होतं का? उजव्याच हातापासून? मी दिवसभर सलूनमध्ये असायचो, त्यांना भरवायचीस तू, म्हणून तुलाच विचारतो. मला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगू नकोस. असेल ते सांग.

मेंदूच्या डॉक्टरांकडे बावीस तारखेची वेळ घेतलीय. याआधी एकदा गेलो होतो, दारातूनच परत फिरलो. ते म्हणणार, दोन्ही हात पुढे करा. तुझ्या वहिनीसमोर ते माझ्याने होणार नाही. तिला सांगीन, त्याच संध्याकाळी सांगीन, पण आधी मला कळू दे. तू एक दिवस आधी ये. पाहुण्यांना सांग, दादाने गाडी घासायला बोलावलंय. इथे मीही तेच सांगतो. मशीन तुझंच आण, मी घेतलेलं नाही.

आणि एक. बाहेर नंबर लागेपर्यंत माझा हात घट्ट धरून बस. आत गेल्यावर मात्र सोड. डॉक्टरांना बघू दे.

तुझी वाट बघणारा,
दादा