बेस गिटार, बॅस मासा आणि चाळीस अपेक्षित प्रश्न

११ मे २०२५, रविवार. सकाळी ८.१५
अमेरिकेतून सुकन्याचा फोन. चार मिनिटं. त्यात "आणखी काय?" मी तीनदा, ती दोनदा. केवळाबाई होती तेव्हा मायलेकी तासभर बोलायच्या. शेवटी फोन माझ्याकडं यायचा, मी "अभ्यास कर" म्हणून ठेवायचो. पोरगी तेहेतीस वर्षांची, नोकरीवाली. असो. केवळाबाईला जाऊन वर्ष झालं.
दोष माझा नाही, विषयाचा आहे. पोरीचे व्हॉट्सॲपवर दोन फोटो: एकात बेस गिटार, दुसऱ्यात बॅस नावाचा मासा. या दोन धड्यांचे इंग्रजी शब्द पाठ केले की तासभर बोलता येईल. लातूरच्या क्लासमध्ये तीस वर्षं केमिस्ट्री शिकवली आहे. एकटं वाटतं म्हणून हे करायलोय असं काही नाही. इंग्रजी सुधारतं.

१२ मे. पहाटे ४.३०
टाइमटेबल भिंतीला चिकटवलं. रोज वीस शब्द. फ्रेट, स्ट्रिंग, अँप्लिफायर. हूक, रील, लुअर. लुअर म्हणजे माशाला फसवायचं खोटं आमिष. बेस आणि बॅस, दोन्हीचं स्पेलिंग एकच! इंग्रजांना पेपर तपासणारा भेटला नव्हता वाटतं.
४.५० ला डुलकी.

१४ मे
प्रॅक्टिकल. जुना विद्यार्थी वैजनाथ लग्नात डीजे लावतो. त्याच्या गोडाऊनवर जाऊन म्हणलं, बेस दाखव. त्यानं सबवूफर चालू केला. छाती हादरली, चष्मा पडला, उजव्या कानात शिट्टी. मग म्हणाला, सर, गिटारचा बेस असा नसतोय. तो गाण्यात कुणाच्या ध्यानातबी येत न्हाई, पण काढून घेतला की गाणं पोकळ लागतंय. पोरगं केमिस्ट्रीत दोनदा नापास, पण हे बरं बोललं.
घरी आलो. घर लई शांत. कानामुळं असेल.

१५ मे
गळ्यातली माळ शर्टाच्या आत घालून मासळी बाजारात. मनकर्णाबाईला विचारलं, बॅस आहे का? म्हणाली, रोहू हाय, कटला हाय, मरळ हाय. आन् सर, तुम्ही तर माळकरी ना? म्हणलं, अभ्यासाला पाहिजे.

१६ मे
दूधवाल्यानं सांगितलं, बायको गेल्यावर सरांनी माळ काढली अशी कॉलनीत बोंब आहे. खुलासा तयार ठेवला. दिवसभर विचारायला कुणी आलं नाही.

१८ मे, रविवार
फोन उजव्या कानाला लावला, ऐकू येईना. डाव्याला लावला. थेट विचारलं, बेस गिटारला तारा किती? म्हणाली, चार. म्हणलं, शाब्बास, आता फ्रेट म्हणजे काय ते एका वाक्यात सांग. म्हणाली, बाबा, तोंडी परीक्षा घेताय का? मग मीटिंग आहे म्हणून ठेवला. तिकडं शनिवारची रात्र, साडेदहा. लई कामसू देश.
दोन मिनिटं दहा सेकंद. वेळ घटली, पण पेपरचा पॅटर्न कळला.

२१ मे
पद्धत बदलली. प्रश्न मी विचारायचे नाहीत, तिनं विचारायचे. चाळीस अपेक्षित प्रश्न काढले, उत्तरांसकट. केवळाबाईच्या खुर्चीसमोर बसून मॉक टेस्ट दिली. चाळीसपैकी एकोणचाळीस. एक मार्क मीच कापला, चढून जायला नको.
खुर्ची काही बोलली नाही. तासभर मीच बोललो.

२५ मे, रविवार. सकाळी ८.४०
वही उघडी ठेवून फोन घेतला. म्हणलं, गिटार काय म्हणते? ती म्हणाली, आई गेल्यापासून पेटीतून काढलीच नाही. आई फोनवर ऐकायची म्हणे. काही कळायचं नाही, तरी म्हणायची, वाजव गं. मला हे ठाऊक नव्हतं. मी शेजारच्या खोलीत पेपर तपासत असायचो.
मासा विचारला. म्हणाली, धरते आणि परत पाण्यात सोडते. एकटीच जाते.
अकरा मिनिटं! पाठ केलेला एकही शब्द लागला नाही.
मग तिनं विचारलं, बाबा, तुम्हाला करमतं का तिथं?
वही चाळली. चाळीसात हा प्रश्न नव्हता. उत्तर मात्र येत होतं.
म्हणलं, हाव. लई करमतं.
ती म्हणाली, मलापण. आणि फोन ठेवला.
तीस वर्षं पेपर तपासले. दोघांचं एकच उत्तर सारखंच चुकलेलं दिसलं की मी लगेच ओळखायचो, कुणी कुणाचं बघून लिहिलंय. हिनं माझं बघून लिहिलंय.