वेणी घातलेला दिवा

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा या खेपेला मनातल्या मनात वाकले आहे, तोच गोड मानून घे). तुझी तब्येत कशी आहे? वहिनींचा गुडघा काय म्हणतो? इकडे देवाच्या कृपेने सगळे ठीक आहेत, एक तुझा दिवा सोडून.

तोच तो, फायबर ऑप्टिकचा. बुडाशी बल्ब आणि वर केसांसारखे शेकडो पारदर्शक तंतू, ज्यांची नुसती टोकं चमकतात. तू दिल्यापासून मी तो खोक्यातून बाहेरच काढला नाही, याचा तुला राग आहे असं वहिनींकडून कळलं. दादा, ज्या उजेडात सुईत दोरा ओवता येत नाही, तो जाळून वीज कशाला दवडायची? पण टाकलाही नाही हो. तो राखायची बुद्धी मला देवानेच दिली असणार, कारण माझ्या धाकटीच्या शाळेत फर्मान निघालं की दर शुक्रवारी एकाच्या आईने किंवा वडिलांनी वर्गात येऊन काहीतरी करून दाखवायचं.

आमची पाळी आली तशी धाकटी म्हणाली, बाबांना पाठव. का, ते काही सांगेना. शेवटी थोरल्याने फोडलं. तिचं म्हणणं, एकीची आई डॉक्टर, तिने हाडांचे फोटो दाखवले. दुसरीची विमानतळावर कामाला. आणि माझी आई नुसती मॅट्रिक, ती काय किराण्याचा हिशेब दाखवणार? ("नुसती" मला फार लागलं. मॅट्रिकला तू किती वेळा बसलास, ते मी आजवर मुलांना सांगितलेलं नाही.) तिथल्या तिथे ठरवलं, जाणार तर मीच.

खोकं उघडलं तर तंतूंचा नुसता गुंता! चारचौघांत असं झिंज्या सोडून न्यायचं? देवाचं नाव घेतलं, तेलाचं बोट लावलं, विंचरलं, घट्ट वेणी घातली आणि खाली रिबीन बांधली. धाकटीची रोज घालते तश्शीच.

वर्गाच्या खिडक्यांवर घरच्या जुन्या चादरी लावून अंधार केला आणि बटण दाबलं. सगळा प्रकाश रिबिनीखालच्या शेंड्यात! अंधारात उंदराच्या शेपटीला काजवा बसावा, तसं दिसत होतं. मुलं खिदळली. मी मागे हटले नाही. सांगितलं, प्रकाश एका टोकातून आत शिरतो, आतल्या आत आपटत आपटत थेट दुसऱ्या टोकाला निघतो, मधे कुठे रेंगाळत नाही. शाळेतून घरी जातानाही असंच जावं. (हे बाईंना आवडलं.) तेवढ्यात तेल ओघळून बल्बवर पडलं आणि वर्गभर करपट वास सुटला. बाईंनी नाकाला पदर लावला. "काकू, बंद करा हो ते आधी!"

बंद केला, गार झाल्यावर पुसला आणि वेणी सोडायला घेतली, तर रिबिनीची गाठ सुटेना. बाईंनी ओढून पाहिलं, पहिल्या बाकावरच्या पोरांनी ओढून पाहिलं. धाकटी तोवर शेवटच्या बाकावर मला ओळखतही नसल्यासारखी बसली होती. ती उठून पुढे आली. "सरका सगळे, तुम्हाला नाही जमणार. माझ्या आईची गाठ आहे ती, आधी आतलं टोक ओढायचं असतं." सगळ्या वर्गासमोर, दादा! माझी आई! मला खडू शोधायच्या निमित्ताने टेबलाखाली वाकावं लागलं (कंबर धरली ती तिथेच).

वेणी सुटली, मग प्रत्येकाने तंतूचं एकेक टोक धरलं. दिवा पुन्हा लावला आणि बाईंनी अंधारात हजेरी घेतली: नाव घेतलं की त्याने टोकावर बोट ठेवून आपली चांदणी विझवायची. दोन मुलं घरी तापाने पडलेली असूनही हजर लागली, एवढी ती हजेरी रंगली.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी बहीण

ता. क. बाईंचा निरोप आला आहे की पुढच्या सत्रात पुन्हा या. आता मुद्द्याचं. धाकटी फोन करून "मामा, आईऐवजी तू ये" म्हणणार, अशी मला दाट शंका आहे. तेव्हा त्या शुक्रवारी तू आजारी पड. काय दुखतंय ते तुझं तू ठरव, पण घराबाहेर पडू नकोस. जाणार मीच.

ता. क. मामा, पाकीट चिकटवायला आईने माझ्याकडे दिलंय. बाईंनी आपणहून काही निरोप पाठवलेला नाही. मीच त्यांच्या मागे लागून आईची पाळी पुन्हा लावून घेतली. तिला सांगू नकोस, आणि आजारी मात्र नक्की पड.