तांब्यावरची यमुना

शनिवार, १२ मे १९८४

सुट्टीला आलेल्या नातीला, शिल्पाला घेऊन आज जुन्या बाजारात गेले. गोणपाटावर मांडलेल्या भांड्यांत माझा तांब्या! बाबांनी लग्नात दिलेला, काठाला पोचा आलेला. दिवाळीत सूनबाईने मोडीत देऊन स्टीलचे डबे आणले, तेव्हा मीच हो म्हटलं होतं. पण आज बघून काय आनंद झाला म्हणून सांगू!

शिल्पाने कोरलेलं नाव वाचलं. "आजी, ही यमुना कोण गं?"

मीच की. लग्नात नाव बदललं, तेव्हापासून लक्ष्मी. पन्नास वर्षांत कुणी यमुना म्हटलं नाही. पोरीला सांगणार, तोच शेजारी उभ्या असलेल्या एका बाईने तांब्या उचलला.

"अगोबाई, आयतं माझंच नाव! आता नाव घालायला नको."

ती इतकी खूश, की मीही हसले. का नाही बोलले मी? पण माझा म्हणून दाखवायला एक नावच होतं, तेही तिचं निघालं. तांब्या पोच्यासकट तिच्या पिशवीत गेला.

पलीकडून तिच्या सोबतची बाई ओरडली, "यमुने, चल गो लवकर!"

"आले, आले," म्हणत मीच वळले.

शिल्पाने पदर ओढला. "आजी, तुला नाही गं बोलवत!"