न्यायमूर्तींना जेवणाचं आमंत्रण

शुक्रवार, १४ मार्च

प्रिय बारक्या,

ताईचे आशीर्वाद. सध्या नको असतील तर बाजूला काढून ठेव, पुढेमागे उपयोगी पडतील.

इकडे सगळं ठीक आहे. आईचा गुडघा बरा झालाय. आता ती जिना चढू शकते, पण चढत नाही, कारण वर मी राहते. वरिष्ठ सभागृहाची लिफ्ट पुन्हा बंद पडलीय. आम्ही सगळ्या प्रांतांचे प्रतिनिधी धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर पोचतो. माझ्या शेजारच्या बाकावरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लहानमोठ्या सगळ्या प्रांतांना समान जागा दिल्यात ना, मग दमही समान लागायचा." माझ्या कालव्यांच्या कायद्याविरुद्ध दोन प्रांत सर्वोच्च न्यायालयात गेलेत. कालवे केंद्र सरकारने चालवावेत हे त्यांना मान्य नाही. चालायचंच. त्याचा मसुदा लिहिताना मी दोन चष्मे बदलले, पण ते त्यांना काय ठाऊक!

न्यायमूर्ती म्हणून तुझ्या शपथविधीची पत्रिका मिळाली. छापील होती. खाली हाताने दोन शब्द खरडले असतेस तर बोटं झिजली नसती.

सभागृहात तुझ्या नावावर मतदान झाल्यापासून तू माझा फोन उचलत नाहीस. त्याआधी मी तुझा उचलत नव्हते, पण तो आमच्याकडचा रिवाज आहे. न्यायाधीशपदासाठी एखाद्याचं नाव आलं की मत पडेपर्यंत सभासदाने त्याच्याशी खासगीत बोलायचं नाही. नेमणुका तपासणाऱ्या आमच्या समितीपुढे तू आलास तेव्हा तुला "आपण" म्हणताना माझी जीभ अडखळली. तुझी नाही अडखळली. "सन्माननीय सदस्या" म्हणून मोकळा झालास! नाक पुसायला माझा पदर धरणारा मुलगा.

आई माझ्याशी कामापुरतं बोलते. "भाऊ आहे तो तुझा, विरोधी पक्ष नव्हे," एवढं म्हणाली आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

लिफ्ट झाली, गुडघा झाला, आता मुद्द्यावर येते.

सगळ्यांनी मला सांगितलं होतं की त्या दिवशी आजारी पड. सख्खा भाऊ आहे, कुणी नावं ठेवणार नाही. पण घटनेतलं ते कलम तुला माझ्याहून जास्त पाठ आहे. न्यायाधीशाच्या नेमणुकीला हजर सभासदांचं नाही, एकूण सभासदांचं बहुमत लागतं. म्हणजे जो घरी बसला, तो "नाही"च म्हणाला. फक्त कुणाला न दिसता. मला तसं लपून नाही म्हणायचं नव्हतं. म्हणून माझं नाव पुकारल्यावर मी उभी राहिले, वर गॅलरीत तुझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाही." नवीन निळा कोट घातला होतास. तुझा चेहरा पाहून मला खाली बसताना बाक सापडेना.

तू काठावर का होईना, निवडून आलास. त्या रात्री मला बरं वाटलं, हेही खरं सांगते.

तुझ्या हुशारीबद्दल मला कधीच शंका नव्हती. घटनेने तिघांना तीन कामं वाटून दिलीत. आम्ही कायदे करायचे, राष्ट्रप्रमुखांनी राज्य चालवायचं आणि तुम्ही न्यायाधीशांनी आम्हा दोघांनाही वेळ पडल्यास "हे चालणार नाही" म्हणून सांगायचं. नाव प्रमुख सुचवणार, होकार आम्ही देणार, पण एकदा खुर्चीत बसलात की नुसतं आवडला नाहीत म्हणून कुणी उठवू शकत नाही. म्हणजे तुझं सगळं काम एका शब्दावर आहे, आणि तोच शब्द तुला लहानपणापासून येत नाही. एकाच संध्याकाळी दोन मामेभावांना सायकल कबूल करून बसला होतास. दोघांची दारात जुंपली, तेव्हा तू शेजाऱ्यांकडे दुसरी सायकल मागायला गेलास. इतकी वर्षं प्रमुखांचा सरकारी वकील होतास. समितीत मी विचारलं, "त्यांच्या एखाद्या हुकमाला आपण कधी नकार दिलात?" तू हसून म्हणालास, "तशी वेळ आली नाही." बारक्या, वेळ रोज येत होती रे. त्या हसण्याची मला भीती वाटली.

माझं चुकलं असेल तर मला आनंदच होईल. पण तू नातंच तोडून टाकलंस तर नाही होणार. लहानपणी ताप आला की माझ्याच अंथरुणात येऊन झोपायचास, ते मला अजून आठवतं. मला माझा भाऊ हवाय.

शपथविधीला मी मागच्या रांगेत बसेन. नंतरच्या एखाद्या रविवारी जेवायला ये. तुझ्या आवडीची भोपळ्याची भाजी करते, तशीच, गूळ घातलेली. नेहमीसारखी तीनदा वाढीन.

विरोधात मत देऊनही तुझीच,
ताई

बुधवार, २ एप्रिल

प्रिय ताई,

आशीर्वाद बाजूला काढले नव्हते. शपथ घेताना खिशात होते. मागच्या रांगेत तू डोळे पुसलेस तेही दिसलं. मंचावरून खालचं सगळं दिसतं, सावध राहा.

मी रागावलो होतो. अजूनही थोडा आहे. तुझं कारण मला अर्धं पटलं. उरलेल्या अर्ध्यावर आई जिना चढेल तेव्हा तिच्यासमोर भांडू.

पहिल्याच आठवड्यात प्रमुखांकडून भोजनाचं आमंत्रण आलं. नाव त्यांनीच सुचवलेलं, जुनी ओळख, गाडीही पाठवणार होते. उत्तर लिहायला बसलो तर "अवश्य येतो" हे हाताने आपणहून लिहून टाकलं. कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिलं, येता येणार नाही. दोन ओळींना अख्खी सकाळ गेली आणि घामाने कॉलर भिजली. मग तुझं पत्र पुन्हा काढलं.

तुझ्या कालव्यांच्या कायद्याचा खटला आमच्याकडे लागलाय. मी त्या पीठावर बसणार नाही, तसं मुख्य न्यायमूर्तींना सांगितलंय. पण जे बसणार आहेत ते रोज माझ्याबरोबर चहा पितात. मसुदा लिहिणारीच्या घरी मी जेवून आलो, हे त्यांच्या कानावर का जावं? आणि प्रमुखांना एक न्याय आणि तुला दुसरा, असं कसं करू? म्हणून खटला संपेपर्यंत मी तुझ्याकडे येणार नाही. ताई, नाही.

वाचून तुला वाईट वाटेल. मग थोड्या वेळाने वाटणार नाही, असा माझा अंदाज आहे.

निकाल लागला, मग तो तुझ्या बाजूने असो की विरुद्ध, की त्याच रविवारी येतो. तुझ्याच ताटात जेवेन. फक्त एक गोष्ट आताच सांगून टाकतो, कारण आज जमतंय, उद्याचं माहीत नाही.

मला भोपळा आवडत नाही. कधीच आवडत नव्हता.

तुझा, निकालापर्यंत जरा लांबूनच,
बारक्या