बिनचिठ्ठीचे कंद

९ ऑक्टोबर

चि. खटपट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचून आठवडा झाला. पायाचं प्लॅस्टर निघालं हे वाचून बरं वाटलं, पण डेपोत जायची घाई करू नकोस. बसखाली शिरून काम करणाऱ्या माणसाला दोन्ही पाय धड लागतात. ह्यांच्या शेवटच्या दिवसांत येता आलं नाही म्हणून प्रत्येक पत्रात माफी मागतोस, ते आता बंद कर. मोडक्या पायानं येऊन तू केलं काय असतंस? उलट मलाच तुझ्या पायाखाली उशा सरकवत बसावं लागलं असतं.

इकडे परवा थंडीचा पहिला कडाका पडला. सकाळी मागचं दार उघडलं तर सगळी बाग काळी. डेलियाची झाडं उकडलेल्या पाल्यासारखी लोंबत होती. खरं सांगू का, हे गेल्यापासून मी ते दार उघडलंच नव्हतं. सात आठवडे पडदासुद्धा ओढलेला होता. पण कडाका पडला की दुसऱ्या दिवशी बागमंडळाची माणसं येणार हे ठाऊक होतं, म्हणून बाहेर जावंच लागलं.

आमच्या मंडळाची रीत तुला माहीत नसेल. इथली जमीन हिवाळ्यात दगडासारखी गोठते, डेलियाचे कंद तीत राहिले तर सडून जातात. म्हणून कडाक्यानंतर ते खणून काढायचे, मंडळाच्या तळघरात कोरड्या वाळूत ठेवायचे आणि वसंतात पुन्हा लावायचे. ज्या घरी त्या वर्षी आजारपण किंवा मृत्यू झाला असेल, तिथे सगळे मिळून खणायला जातात. विचारत नाहीत की कळवत नाहीत. यंदा आमची पाळी.

मग काय, आदल्या दिवशी मी पदर खोचला. मदतीला येणाऱ्यांच्या आधी घर आवरायचं, ही आईची खोड माझ्यातही पुरेपूर उतरली आहे. ह्यांनी प्रत्येक झाडाला लोकरीचे तुकडे बांधून ठेवले होते, लाल, पिवळे, निळे. ते बघून लोक काय म्हणतील असं वाटलं. सगळे कापले आणि शेगडीत टाकले. दुसऱ्या दिवशी पंधरा-सोळा माणसं आली. मास्तरीणबाई, म्हणजे आमच्या अध्यक्षीण, एक्याऐंशीच्या वयात फावडं चालवत होत्या. तळघराची वही सांभाळणारे कंपाउंडर मला म्हणाले की ह्या कंदांना चिठ्ठ्या नाहीत, आणि बिनचिठ्ठीचे कंद सगळ्यांच्या सामाईक ढिगात जातात, चालेल ना? मी म्हटलं, खुशाल. एवढ्यांचं मी एकटी काय करणार? दोन तासांत बाग मोकळी झाली. मला फार हलकं वाटलं.

पायाला गरम कपडा गुंडाळत जा. माया आहेच, पत्रातून पाठवत राहा.

तुझी,
ताई


१९ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी चहा पिता पिता वाचायला घेतलं आणि चहा तसाच राहिला. ताई, लाल लोकरीच्या झाडाचा कंद तू वेगळा काढून घरात ठेवला आहेस ना? तसं लिहायला विसरली असशील. तू लोकर कापलीस असं लिहितेस म्हणजे आधी कंदावर काहीतरी खूण केली असणारच.

भाऊजींनी मला ऑगस्टच्या मध्यावर पत्र लिहिलं होतं, त्यांचं शेवटचं. अकरा वर्षं डेलियाच्या बियांवर त्यांची खटपट चालली होती हे तुला मी काय सांगावं? बियांपासून आलेलं प्रत्येक झाड निराळं निघतं आणि शेकड्यात एखादंच मनासारखं, म्हणून आपण त्यांना किती हसायचो. तर त्या पत्रात त्यांनी लिहिलं आहे की यंदा ते आलं. एकच झाड. त्याला त्यांनी लाल लोकर बांधली होती. पिवळी म्हणजे अजून एक वर्ष बघू, निळी म्हणजे खतात. चिठ्ठी लिहायची नाही, कारण तीन वर्षं तेच फूल येईपर्यंत नाव द्यायचं नाही असा त्यांचा नेम. मंडळातही कुणाला दाखवलं नव्हतं. पुढं लिहिलं आहे की तुझ्या ताईला मात्र दाखवणार.

त्या फुलाचा दुसरा कंद जगात कुठे नाही. म्हणून उलट टपाली एक ओळ लिही, की तो घरात आहे. पाय ठीक आहे.

तुझ्या रागालोभाचा धनी,
खटपट्या


२ नोव्हेंबर

चि. खटपट्यास आशीर्वाद.

नाही ठेवला. मला ठाऊक नव्हतं. लोकरीचा अर्थ त्यांनी मला कधी सांगितला नाही, आणि मीही कधी विचारला नाही.

तुझं पत्र आलं तशी मी तळघरात गेले. कंपाउंडर कंद चाळत होते. मला वाटलं आमच्या बागेतले एका खोक्यात तरी असतील, पण बिनचिठ्ठीचे सगळे एकत्र मिसळले आहेत, सगळ्या घरांचे मिळून अडीचशे. मी एकेक हातात घेऊन पाहिला. सगळे सारखेच रे. मातकट, सुरकुतलेले, बोटांएवढे. कंपाउंडरांनी विचारलं की काही हरवलं आहे का. मी म्हटलं, हातमोजा. बिचारे माझ्याबरोबर हातमोजा शोधत बसले.

कुणाला सांगितलेलं नाही आणि तूही सांगू नकोस. ही माणसं थंडीत माझ्यासाठी खणत होती. त्यांना कळलं तर त्यांच्या जिवाला लागेल. अकरा वर्षं ह्यांनी ज्याच्यासाठी घालवली ते मी शेगडीपुढे बसून पाच मिनिटांत घालवलं. मला रडूसुद्धा येत नाही.

वसंतात तो ढीग वाटून टाकतात. येणारा-जाणारा कुणीही मूठभर घेऊन जातो.

ताई


१४ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे वाचून तू माझ्यावर भडकणार, तरी लपवत नाही. तुझं पत्र यायच्या आधीच मी तुमच्या अध्यक्षीणबाईंना पत्र टाकलं होतं. बारा दिवस तुझं उत्तर नाही, म्हणजे काय झालं ते मी ओळखलं. रागाच्या भरात लिहिलं. परक्याच्या बागेत न विचारता फावडी घेऊन घुसायचं ही कुठली मदत, तुमच्या परोपकारानं माझ्या बहिणीच्या नवऱ्याची अकरा वर्षं मातीत घातली, असं बरंच काही लिहून गेलो. आणि लगेच पेटीत टाकूनही आलो.

मी आलो असतो तर हे झालं नसतं, हे माझ्या डोक्यातून जात नाही. भाऊजींचं ते पत्र माझ्या खिशात होतं आणि मी इथे खुर्चीवर पाय टाकून बसलो होतो. स्वतःवरचा राग त्या म्हाताऱ्या बाईवर काढला झालं. मला काय बोलायचं ते बोल.

अपराधी,
खटपट्या


१० जानेवारी

चि. खटपट्यास,
आशीर्वाद देते आहे, पण दात-ओठ खाऊन.

दोन महिने तुला लिहिलं नाही ते मुद्दाम. तुझं पत्र घेऊन मास्तरीणबाई बर्फातून चालत आमच्याकडे आल्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. बुटांवरचा बर्फ पायपुसण्यावर वितळत होता आणि त्या उभ्या राहून माझी माफी मागत होत्या, शाळेतल्या पोरीसारखी मान खाली घालून. अध्यक्षपद सोडते म्हणाल्या. चाळीस वर्षं त्यांनी अर्ध्या गावाला शिकवलं, आणि तुझ्या एका चिठोऱ्यानं त्यांच्यावर ही पाळी आणली. तुझे कान लांबूनसुद्धा पिळता आले असते तर पिळले असते.

मग मला राहवलं नाही. लोकर मी कापली, मी जाळली, कंद ढिगात घालायला होकारही मीच दिला, सगळं सांगून टाकलं. तेव्हा कुठे त्या खुर्चीवर टेकल्या. पाणी मागितलं. ते पिऊन म्हणाल्या की ढीग यंदा येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचा नाही.

पुढच्या बैठकीत त्यांनी तसं ठरवूनच घेतलं. मंडळात एकतीस घरं. घरटी आठ-आठ कंद. प्रत्येकानं आपले आठ लावायचे, जपायचे, आणि फूल आलं की मला बोलवायचं. कंपाउंडरांनी वहीत तशी नोंद केली आणि मला म्हणाले की तेव्हाच सांगायचं होतंत, हातमोजा कशाला शोधायला लावलात. सगळे हसले. मीही हसले, ऑगस्टनंतर पहिल्यांदा.

उठताना मास्तरीणबाईंनी विचारलं, की फूल बघितल्यावर तुला ओळखता येईल ना? मी हो म्हणून मान हलवली.

बाईंना चार ओळी लिही, नीट भाषेत. मग तुझा-माझा लोभ पूर्ववत.

ताई


६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाईंना लिहिलं. त्यांचं उत्तरही आलं, माझ्या पत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईनं दुरुस्त करून! शेवटी लिहिलं आहे की राग आला तो योग्यच होता, फक्त वाक्यं फार लांब होती. ही बाई मला आवडली.

मी कामावर रुजू झालो. पाय संध्याकाळी सुजतो पण चालतो. ऑगस्टच्या शेवटी दहा दिवस रजा टाकली आहे, येतोच.

तुला उपयोग होईल म्हणून भाऊजींच्या पत्रातल्या ओळी उतरवून पाठवतो. ते लिहितात, "रंग पिकल्या जर्दाळूचा, पाकळ्यांची टोकं पांढरी, आणि पाकळी उन्हात धरली की आत दिवा लावल्यासारखी दिसते." तू पाहिलंच आहेस, तेव्हा तुला हे वाचून हसू येईल. दिवा वगैरे त्यांनी जरा रंगवून सांगितलं असणार. खरं कसं होतं ते एकदा लिही ना. इतकी पत्रं झाली पण फुलाबद्दल तू एक अक्षर लिहिलेलं नाहीस.

तुझ्या मायेत कमी-जास्त होऊ नये एवढीच इच्छा.

खटपट्या


११ जून

चि. खटपट्यास अनेक आशीर्वाद.

कंद लावून झाले. हिवाळ्यात एकोणीस सडले, बाकीच्यांना कोंब फुटले आहेत. ह्यांचा त्या एकोणिसांत नसेल असं धरून चालते आहे. पावट्याचा वेल चढला, गोगलगायींनी उच्छाद मांडला आहे. येताना तुझ्या डेपोतल्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या आण, झाडांना चिठ्ठ्या करायला.

फुलाचं काय लिहू. येशील तेव्हा बोलू.

ताई


२४ ऑगस्ट

चि. खटपट्यास,
ताईचे आशीर्वाद.

तू गुरुवारी पोचशील, तरी निघण्याआधी हाती पडावं म्हणून हे पत्र जलद टपालानं टाकते आहे. समोर बसून मला हे सांगता येणार नाही.

मी ते फूल पाहिलंच नव्हतं रे.

त्या सकाळी मी टोमॅटो उकळून बरण्या भरत होते. ह्यांनी बागेतून हाक मारली, लवकर ये म्हणून. मी म्हटलं आले. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा दारात येऊन उभे राहिले, चिखलाच्या बुटांसकट, नुकत्या पुसलेल्या फरशीवर. मी करवादले. फूल काय उद्याही राहील, म्हटलं, आधी पाय बघा. त्यांनी बूट काढले, फरशी स्वतःच पुसली आणि माझ्या शेजारी बसून बरण्यांची झाकणं लावू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते न्हाणीघरात पडले. मग सहा दिवस हॉस्पिटल, आणि नंतर मागचं दार उघडायला माझा हात धजला नाही. ते झाड सात आठवडे पडद्यापलीकडे फुलत असणार. मी गेलेच नाही. गेले तेव्हा सगळं काळं झालं होतं.

हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. म्हणून तुलाही फुलाबद्दल कधी लिहिलं नाही.

गेले तीन आठवडे रोज कुणी ना कुणी मला बोलावतं आहे. मी जाते, फुलाकडे बघते, जाणत्या माणसासारखा चेहरा करते आणि नाही म्हणते. लाल, जांभळं, पिवळं असलं की नाही म्हणणं सोपं जातं. पण जर्दाळू रंगाची, पांढऱ्या टोकांची फुलं तीन घरी आली आहेत. एकाच फुलाच्या बिया ह्यांनी रांगेनं लावल्या होत्या, तेव्हा त्या झाडाची भावंडंही ढिगात गेली असणार. पहिल्या दोन घरी मी अजून नीट उमलू दे म्हणून वेळ मारून नेली.

तिसरं मास्तरीणबाईंकडे. काल दुपारी गेले तर मंडळाची दहा-बारा माणसं आधीच जमलेली, आणि बाई फुलावर छत्री धरून उभ्या, उन्हानं कोमेजू नये म्हणून. हिवाळ्यापासून त्यांची कंबर धरली आहे, तरी उभ्या. त्यांनी विचारलं, हेच ना? सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. कंपाउंडरांनी वही उघडून ठेवली होती. हो म्हटलं असतं तर सगळे सुखानं घरी गेले असते. माझ्या जिभेवर तो हो आलाही होता. पण ह्यांच्या फुलाबद्दल मी एकदा टाळाटाळ केली होती, आता खोटं कसं बोलू? मी सांगितलं, की मला माहीत नाही, मी पाहिलंच नव्हतं. टोमॅटोचंही सांगितलं.

कंपाउंडरांनी वही मिटली. मला वाटलं, आता ही माणसं मनात म्हणत असतील की वर्षभर आम्हाला कशाला राबवलं. मग मास्तरीणबाईंनी छत्री बाजूला केली, बाकीच्यांना चहाला आत जायला सांगितलं, आणि मला म्हणाल्या की मग आता बघ. एवढंच. आतून एक स्टूल आणून ठेवलं आणि त्याही गेल्या.

मी बघितलं. तासभर बसले असेन. उन्हात पाकळी खरंच आतून उजळते, ह्यांनी रंगवून सांगितलं नव्हतं. हे त्यांचं फूल की त्याचं भावंड, ते मला कधीच कळणार नाही. वर्षभरात पहिल्यांदा पोटभर रडले. दोन मिनिटांचं काम होतं रे. हात पुसून नुसतं दारापर्यंत जायचं होतं. फूल दिसलं नसतं तरी चाललं असतं, पण दाखवताना त्यांचा चेहरा कसा झाला असता तो मला आता कोण दाखवणार?

तू आलास की तिन्ही घरी जाऊ. तुला हवं तेवढा वेळ बस आणि बघ, मी घाई करणार नाही. येताना सांभाळून, पाय जपून टाक. माझ्यावरची माया हे वाचूनही तशीच राहील असं धरून चालते.

तुझी,
ताई